माझ्याशिवाय पंधरा

दादा,

जीप विकली. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तू माझाच कान धरशील. आणि विकली ती वहिनीने, मी नाही. तुझे दिवस झाल्यावर महिनाभर ती अंगणात चिंचेखाली उभी होती. पोरं तिच्यात बसून अभ्यास करायची, कोंबडी मागच्या सीटवर अंडी घालायला लागली आणि आई रोज सकाळी उठून पुढची काच पुसायची. एक दिवस वहिनी म्हणाली, "चालवणारा नाय तर कुजत ठेवायची कशाला? तिला तरी फिरू दे." सरळगावचा एक पोल्ट्रीवाला घेऊन गेला. आता तिच्यातून कोंबड्या जातात. परवा धसईच्या बाजारात दिसली तेव्हा आपली पोरं हात हलवत मागे धावली. कोंबड्यांनी काही ओळख दाखवली नाही.

तू गेलास त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. त्यावर बोलून बोलून घरातल्या सगळ्यांचे घसे सुकले. मला तुझ्याशी भांडायचं आहे, कारण आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आणि समोरचा माणूस मधेच उठून गेला की मला झोप येत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू म्हणायचास, "गाडी गेली का घर फुटलं समज." मी म्हणायचो, घर काय जीपच्या चाकांवर उभं आहे का? त्यावर तू फक्त हसायचास आणि करगोट्याला बांधलेली चावी चाचपायचास.

त्या चावीचंही एकदा बोलून घेऊ. तू मला आयुष्यात एकदा, एकदाच, स्टेअरिंगवर बसवलंस. जीप सरळ खाली भाताच्या खाचरात उतरली. ब्रेक लागला नाही, हे माझं म्हणणं. पाय ब्रेकवर नव्हताच, हे तुझं. चिखलातून बैलजोडीने जीप ओढून काढली तेव्हा बांधावर अर्धं गाव जमलं होतं आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "मास्तर, तू फळ्यावरच बरा." तेव्हापासून चावी करगोट्याला गेली ती गेलीच. चुलतभाऊ दत्ताने मागितली, त्याला नाही. तुझ्या सायलीने कॉलेजात गेल्यावर मागितली, तिलाही नाही. सोळा माणसांचं घर, आणि गाडी चालवणारा एक. ही तुझी चूक होती, दादा. तू असताना मी हे अर्ध्या आवाजात बोललो, आता पूर्ण आवाजात बोलतो. तुला वाटलं असेल की तू कायमचाच आहेस. खरं तर आम्हालाही तसंच वाटत होतं.

पण निघतानाचा तो तुझा थाट. आई पुढे, तुझ्या शेजारी. मध्ये काकू आणि आपल्या तिघांच्या बायका. मागे मी आणि दत्ता, आमच्या मांडीवर, पायांत, सामानावर आठ पोरं. प्रत्येकाची जागा ठरलेली. तू आरशात एकदा बघायचास, ओठांतल्या ओठांत मोजायचास आणि मोठ्याने सांगायचास, "माझ्याशिवाय पंधरा." मग चावी फिरायची. तू म्हणेपर्यंत आम्ही निघालो असं कुणालाच वाटायचं नाही. आणि रस्ता लागला की आई धवला गुणगुणायला लागायची.

बाहेरच्या कुणाला वाटेल की लग्नाच्या हळदीला गायचं ते गाणं आई वाटेत नुसतं घोकत असेल. नाही. आपली आई पंचक्रोशीतली धवलारीण. तिने धवला धरल्याशिवाय कितीतरी मांडवांत हळद लागली नाही. आणि तिच्यामागे ओळ धरणारा तू होतास. मांडवात बाप्यांनी धवला गायचा नसतो, म्हणून तू फक्त जीपमध्ये गायचास, इंजिनाच्या आवाजाआड, तोंड जेमतेम उघडून. मागे बसलेल्या आम्हाला वाटायचं गाडीच काहीतरी आवाज करतेय. वीस वर्षांत आईचे सगळे धवले तुला पाठ झाले, आणि आमच्यापैकी एकालाही धड चार ओळी आल्या नाहीत.

आता भांडणाचा निकाल. तू अर्धा बरोबर होतास. जीप गेल्यावर पहिले काही आठवडे घर खरंच विस्कटलं. दत्ता मोटरसायकल काढून पहाटे पुढे जायचा, मी मुरबाडच्या शाळेला एसटीने, पोरं पायी, सायली कुणाच्या तरी मागे बसून. जेवणाच्या तीन पंगती व्हायला लागल्या. वहिनी म्हणायची, "घर नाय ऱ्हायलं, खानावळ झाली." रविवारी कुठे जायचं कुणी नावच काढेना. काकूला माहेरी, म्हसा गावाला जायचं होतं, ती रोज पिशवी भरायची आणि रोज रिकामी करायची. मला वाटलं, दादा जिंकला.

पण हळूहळू काय झालं ते ऐक. तू कोपऱ्यावरच्या दुकानात तंबाखू आणायलाही जीप काढायचास, त्यामुळे तुझ्या घराला गाव पायी कसं दिसतं ते ठाऊकच नव्हतं. पोरं शाळेतून येताना करवंदांनी तोंडं काळी करून येतात. कुठल्या घरातलं कुत्रं चावतं आणि कुठलं नुसतं बोलतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. वहिनीने एसटीच्या सगळ्या वेळा पाठ केल्या. आता अख्खी आळी तिला विचारते, "वयनी, मुरबाडची गेली का गो?" आणि ती भाकरी थापता थापता सांगते, "गेली नाय, पण जाईल, पळ."

सगळ्यात बदलली ती आई. वीस वर्षं तिने जग पुढच्या काचेतून पाहिलं होतं. आता ती स्टँडच्या पारावर बसते. कुणाची गाय व्याली, कुणाची सून परत आली, कुणाच्या गुडघ्याला कुठलं तेल लागू पडलं, सगळं तिला तिथेच कळतं. एसटीला अर्धा तास उशीर झाला तर आई खूश, आणि वेळेवर आली तर चिडते. वाडीवरची ठकीमावशी एकदा तिच्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "म्हातारे, वीस वर्सं तुमच्या गाडीचा धुरळा खाल्ला. आता तुझ्याशी बोलता तरी येतं." आई इतकी हसली की तिला ठसका लागला. घरी आल्यावर मात्र दारातच बसली. मला म्हणाली, "आपल्याला कदी दिसलीच नाय रे ती रस्त्यात." मीही कधी मागे वळून पाहिलं नव्हतं, दादा, आणि तूही नाहीस. हे एक तुला सांगायचं होतं.

तर हे सगळं बरं चाललं होतं, आणि ताईचा फोन आला. तिच्या पिंकीचं लग्न तू असतानाच ठरलेलं. शहापूरच्या पुढे, कसाऱ्याच्या बाजूला ताईचं घर, तिच्याच अंगणात मांडव. ताई म्हणाली, तारीख पुढे ढकलते. वहिनीने फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, "काय नाय ढकलायची. तुझ्या भावानं पोरीला शब्द दिलाय, सगळं घर घेऊन येन म्हणून. आमी येतो." पिंकीची एकच अट होती. हळदीला धवला आजीनेच म्हणायचा. दुसरी बाई नको, स्पीकरवर लावलेलाही नको.

आणि आई म्हणाली, "मी नाय गाणार."

गळा बसलाय, म्हणाली. मग म्हणाली, दम पुरत नाही. मग म्हणाली, मागे ओळ कोण धरेल. ताई रडली, मी समजावलं, काकूने देवाची शपथ घातली. आई तांदूळ निवडत बसली. शेवटी वहिनीने मला परसात बोलावलं आणि सांगितलं. धवल्यात आधी देवांना आवतण असतं, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन त्यांना मांडवाला बोलवायचं, नाहीतर ती रुसतात. "या टायमाला आईंना त्येंचं नाव घ्यायला लागल," वहिनी म्हणाली. "गेलेल्यांच्या ओळीत. आजवर आईंनी ते नाव फक्त हाक मारायला घेतलंय." एवढं बोलून ती भांडी घासायला बसली. मीही तिच्यासमोर बसलो आणि एक पातेलं घासलं. दुसरं काय करणार होतो?

हळदीच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. धसईहून मुरबाडपर्यंत काही अडलं नाही. मुरबाडच्या स्टँडवर किन्हवलीवरून शहापूरला जाणारी एसटी लागली. कुणीतरी जबाबदारी घ्यायला पाहिजे म्हणून मी दाराशी उभा राहिलो आणि एकेकाला आत सोडत मोजलं. चौदा. पुन्हा मोजलं, खिडक्यांतून, बोट करकरून. चौदाच. मी ओरडलो, "एक कमी हाय." झालं. सगळे खाली उतरले. काकू पोरांना नावानिशी हाका मारायला लागली. दत्ता मुताऱ्यांकडे धावला, माझी बायको रसवंतीकडे. सगळी पोरं हजर. सगळ्या बायका हजर. आणि तरी एक कमी. कंडक्टर बाई चांगल्या होत्या, बराच वेळ थांबल्या, शेवटी घंटी मारून गेल्या. त्यांनी तरी किती थांबायचं?

गाडी गेल्यावर धूळ खाली बसली. आई आहेराच्या बोचक्यावर बसून माझ्याकडे बघत होती.

"मास्तर, तू कुठं हाईस?"

"हा काय इथं."

"मंग तुला कोण मोजील?"

दादा, मी गणित शिकवतो. एकोणीस वर्षं झाली. माझ्या वर्गातल्या पोरांना हे कळू देऊ नकोस. मी तुझ्यासारखं मोजत होतो. माझ्याशिवाय पंधरा. पण ते पंधरा तुझ्याशिवायचे होते, त्यात मी होतो. आता मला धरूनच पंधरा झालो आहोत. दहा मूर्ख नदी ओलांडतात ती गोष्ट मी दरवर्षी पोरांना सांगतो आणि पोरं हसतात. पण एक सांगू? कुणालाच ती चूक लगेच कळली नाही, कारण सगळ्यांना मनातून एक माणूस कमी वाटतच होता. तुला शोधायला आम्ही अख्खा स्टँड पालथा घातला.

पहिल्यांदा वहिनी हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग दत्ता. मग सगळेच. येणारेजाणारे बघायला लागले की सामानासकट एवढं मोठं खटलं स्टँडवर बसून हसतंय कशाला.

पुढची एसटी दुपार उलटल्यावर. तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावर वहिनीला एक टेम्पो दिसला. आपल्या बाजारात भेंडी उचलायला येतो तो, तुझ्याशी बिडीवर गप्पा मारायचा. रिकामे क्रेट घेऊन शहापूरवरून कसाऱ्याकडेच निघालेला. वहिनी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तो म्हणाला, "वयनी, सामान नेतो मी, माणसं नाय." वहिनी म्हणाली, "आमी सामानच हाव. उतरवताना जपून उतरव." त्याने मागचं फाळकं पाडलं. तुझी बायको अशी आहे हे तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं. तू असताना तिला कधी गाडी थांबवायची वेळच आली नाही.

त्याने आईला पुढे केबिनमध्ये बसायला सांगितलं. आई म्हणाली, "पुढं नाय बसायची मी." तिला उचलून मागे घेतलं, बोचक्याला टेकवलं. क्रेट उलटे करून आम्ही तिच्याभोवती बसलो, कोंडाळं करून. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आम्ही सगळे प्रवासात एकमेकांच्या पाठी बघत आलो. आज पहिल्यांदा तोंडं दिसत होती. काकूचा एक दात पडलाय हे मला त्या टेम्पोत कळलं.

किन्हवलीच्या अलीकडे सायलीने धवला सुरू केला. मुद्दाम की सहज, तिने अजून सांगितलेलं नाही. दोन ओळी बरोबर म्हणाली, तिसरीत घसरली. आई डोळे मिटून होती. सायलीने पुन्हा तीच ओळ चुकवली. तिसऱ्यांदा चुकवली तेव्हा आईने डोळे न उघडता तिला दुरुस्त केलं.

"सूर वर ने. उतारावर लागल्यासारखी काय पलतेस?"

"मग तू दाखव ना गो आजी."

आईने दाखवलं. एक ओळ. सायलीने मागे धरली. मग वहिनीने, मग माझ्या बायकोने, मग दत्ताच्या. खड्डा आला की सगळ्यांचे आवाज एकदम तुटायचे आणि पुन्हा जुळायचे. पोरं क्रेट वाजवत होती. शहापूर येईपर्यंत देवांचं आवतण सगळ्यांना पाठ झालं होतं. आवतण संपलं तिथे आई थांबली. पुढची ओळ गेलेल्यांची. ती म्हणाली, "पानी दे गो," आणि मग टेम्पो थांबेपर्यंत तांब्या मांडीवर धरून बसली.

ताईच्या दारात आम्ही उतरलो तेव्हा आमच्या केसांत भेंडीची पानं होती. ताई रडत धावत आली आणि आमचा अवतार बघून रडायचं विसरली.

संध्याकाळी मांडवात आई पाटावर बसली. वहिनी मागच्या खुर्च्यांकडे निघाली होती, विधवा बाईने मागे बसायचं म्हणून. पिंकी हळदीच्या पाटावरून उठली, हाताला धरून तिला पुढे घेऊन आली आणि आपल्या शेजारी बसवलं. "मामी नाय तर हळद नाय." दोनतीन म्हाताऱ्या कुजबुजल्या. आईने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं.

मग आईने सूर लावला. सायली तिच्यामागे. गावदेव झाले, वेशीवरचे देव झाले, पार सिद्धगडाकडचे देव झाले. मग आपले आजोबा, आजी, बाबा. ताईचे सासरे. आणि आई थांबली.

मांडवात शंभर माणसं असतील. सायली ओळ धरायला तोंड उघडून बसली होती, पण धरायला काही नव्हतं. वहिनीने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता हिला उठवून आत न्यावं. आपण फार मागितलं हिच्याकडे. बाकी सगळ्यांचं जुळवून घेता येतं, दादा. गाडी नसल्याचं जुळवून घेतलंच आम्ही. पण त्या बाईला तुझं नाव त्या ओळीत बसवायचं होतं, आणि ते काम तिच्याऐवजी कुणी करू शकत नव्हतं.

आईने नाव घेतलं. बाळाराम. धवल्याच्याच चालीवर, एकदा, सरळ. आवाज चिरकला नाही. पण पुढची जी ठरलेली ओळ असते ती तिने म्हटली नाही. सूर तोच ठेवून तिने तुला सांगितलं:

"बाळारामा, तुला आवतण हाय. पायी ये. दमलास तर वाटंत बस. घाई नाय रे, आमी थांबतो."

"हे आन पायी?" वहिनी म्हणाली. पुटपुटली, पण भरल्या मांडवात सगळ्यांनी ऐकलं. आणि हशा उठला, दादा. ताई डोळे पुसत हसत होती, पिंकी हळदीच्या तोंडाने हसत होती, आई स्वतः हसत होती. त्या हशातच सायलीने ओळ धरली. आमी थांबतो. मग सगळ्या बायकांनी. मग दत्ताने तोंड उघडलं, मीही उघडलं. मांडवात बाप्ये धवला गायला लागले आणि एकाही म्हातारीने आम्हाला गप्प केलं नाही. आई तीच ओळ पुन्हा पुन्हा देत होती, आम्ही पुन्हा पुन्हा धरत होतो, आणि खरं सांगतो, गाताना आमच्यापैकी एकजणही आईकडे बघत नव्हता. सगळे मांडवाच्या दाराकडे बघत होतो.